जपानी शब्दावर माउस ठेवला की आत काय घडतं

कोल्हापुरात जपानी शिकणाऱ्यांचे आता वेगवेगळे गट दिसतात. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलच्या पंचतारांकित वसाहतीतल्या कारखान्यांतले इंजिनिअर आहेत. नर्सिंग करून जपानला वृद्धसेवेच्या कामासाठी जायची तयारी करणाऱ्या मुली आहेत. ॲनिमे बघता बघता भाषेच्या प्रेमात पडलेली कॉलेजची मुलंही आहेत. संध्याकाळच्या वर्गात मी या सगळ्यांना एकत्रच शिकवते, आणि सगळे एकाच जागी अडकतात. हिरागाना-काताकाना या उच्चारांच्या दोन लिप्या येतात, दोन-तीनशे कांजी, म्हणजे अर्थ दाखवणारी चिन्हं, ओळखीच्या होतात, एन-फोर ही जपानीची परीक्षा सुटते. मग हौसेनं एखादी खरी जपानी वेबसाइट उघडावी, तर पहिल्याच ओळीत चार शब्द अडतात. ते शोधेपर्यंत ओळीचा धागा हातातून सुटलेला असतो. दोन दिवसांत वाचन बंद पडतं आणि परत पाठ्यपुस्तक हातात येतं.

यावर उपाय आहे, तो फुकट आहे आणि कुठल्याही साध्या कॉम्प्युटरवर चालतो. ब्राउझरमध्ये एक एक्स्टेन्शन, म्हणजे त्याला जोडायचा छोटा प्रोग्राम, बसवायचं. मग जपानी पानावर ज्या शब्दावर माउस न्याल त्याचं वाचन, अर्थ आणि व्याकरणातलं रूप तिथल्या तिथे चौकटीत उघडतं. ते कसं बसवायचं हे कुणीही पाच मिनिटांत दाखवेल. पण ते आत काय करतं हे कळलं, तरच त्याच्यावर कुठे विसंबायचं आणि कुठे स्वतःचं डोकं लावायचं हे कळतं. म्हणून आधी आतलं काम पाहू.

इंग्रजी शब्द अडला तर त्याची अक्षरं बघून तो शब्दकोशात शोधता येतो, उच्चार माहीत नसला तरी चालतं. कांजीचं तसं नाही. चिन्ह समोर आहे, पण ते वाचायचं कसं हेच माहीत नाही, तर टाइप काय करणार? पूर्वी त्या चिन्हाचा मुख्य घटक ओळखून, रेघा मोजून छापील कोशात ते हुडकावं लागे. जपान सरकारच्या २०१० च्या यादीत रोजच्या वापराच्या म्हणून २,१३६ कांजी आहेत आणि बहुतेकींना एकाहून जास्त वाचनं आहेत. ‘आता’ आणि ‘दिवस’ या अर्थांच्या दोन कांजी शेजारी आल्या की वाचन ‘क्यो’ होतं, अर्थ ‘आज’. त्याच दोन कांजी तशाच लिहून ‘कोन्निची’ असंही वाचतात, तेव्हा अर्थ होतो ‘हल्ली’. कोणतं वाचन घ्यायचं ते वाक्यावरून ठरतं.

दुसरी अडचण याहून मोठी. जपानीत दोन शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत. ज्यांनी मोडी कागद पाहिलेत त्यांना हे चटकन कळेल. आधी आडवी रेघ मारायची आणि तिच्याखाली सलग लिहीत जायचं, शब्द कुठे संपतो ते वाचणाऱ्यानं ओळखायचं. कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात मोडी वाचायला बसणारा माणूस अक्षरं ओळखतो तेव्हा त्याचं निम्मंच काम झालेलं असतं. शब्द तोडणं हे उरलेलं निम्मं. जपानी वाचणाऱ्यालाही हेच करावं लागतं, आणि कॉम्प्युटरलाही.

मग हे एक्स्टेन्शन शब्द कसा तोडतं? ते अख्खं वाक्य वाचत नाही. माउस ज्या अक्षरावर आहे तिथून पुढची काही अक्षरं ते उचलतं आणि तो सगळा तुकडा कोशात आहे का ते पाहतं. नसेल तर शेवटचं अक्षर सोडतं आणि पुन्हा पाहतं. असं मागून एकेक अक्षर कमी करत ते जातं आणि जो सर्वांत लांब तुकडा कोशात सापडतो तो सर्वांत वर दाखवतं. सगळी करामत या ‘लांबात लांब तुकडा आधी’ या नियमावर उभी आहे.

वर्गात मी हे एका जुन्या, प्रसिद्ध वाक्यावर दाखवते. सगळं हिरागानात लिहिलं तर ते असं दिसतं: कोकोदेहाकिमोनोओनुइदेकुदासाइ. ‘कोको दे’ म्हणजे ‘इथे’, आणि ‘हाकिमोनो’ म्हणजे पायताण. असं तोडलं तर अर्थ होतो, ‘इथे चपला काढा’. देवळाच्या दारात शोभणारी पाटी. पण ‘हा’ हे अक्षर प्रत्यय म्हणून आलं की ‘वा’ असं वाचतात. मग ‘कोको देवा’ आणि पुढे ‘किमोनो’ अशी तोड होते, आणि पाटी सांगते, ‘इथे किमोनो उतरवा’! आता माउस फिरवून पाहा. ‘हा’वर ठेवला तर चौकटीत पायताण येतं. एक अक्षर पुढे सरकून ‘कि’वर ठेवला तर किमोनो येतो. एक अक्षर मागे, ‘दे’वर ठेवला तर ‘देवा’ हा तुकडा सापडतो, आणि तो धरून पुढे गेलात तर किमोनोच हाती लागतो. ओळ तीच, एक्स्टेन्शनही तेच. तुम्ही माउस कुठे टेकवलात एवढाच फरक. खऱ्या पाट्यांवर हे शब्द कांजीत असतात म्हणून घोटाळा होत नाही. पण मुलांसाठीच्या किंवा नवशिक्यांसाठीच्या सोप्या मजकुरात हिरागाना जास्त असतो, आणि तिथे तर हमखास माउस एक-दोन अक्षरं मागेपुढे करून पाहावा. सोप्या मजकुरात एक्स्टेन्शन जास्त चुकतं, हे ऐकून मुलांना नवल वाटतं. कारण मात्र इतकं सरळ आहे.

पुढचं काम प्रत्यय सोलण्याचं. मराठी शब्दकोशात ‘घरातल्यांनासुद्धा’ शोधलंत तर मिळणार नाही, तिथे ‘घर’ आहे. जपानी क्रियापदांचं असंच आहे, फक्त शेपूट अजून लांब. ‘तबेरु’ म्हणजे खाणे. आता ‘तबेसासेरारेताकुनाकात्ता’ हे रूप घ्या. एक्स्टेन्शनकडे अशा शेपटांची एक यादी असते: शेवटी अमुक दिसलं तर ते काढून तमुक लाव. त्या यादीप्रमाणे ते शेवटापासून सोलत येतं. ‘कात्ता’ काढलं, भूतकाळ गेला. ‘नाइ’ काढलं, नकार गेला. ‘ताइ’ काढलं, इच्छा गेली. ‘रारेरु’ काढलं, कर्मणी गेलं. ‘सासेरु’ काढलं, प्रयोजक गेलं. उरलं तबेरु. चौकटीत हे सगळे टप्पे बारीक अक्षरांत ओळीनं दिलेले असतात. बहुतेक जण फक्त अर्थ वाचतात आणि ती बारीक ओळ सोडून देतात, तेव्हा मला मनापासून वाईट वाटतं. ‘मला बळेबळे खाऊ घातलेलं नको होतं’ हा पूर्ण अर्थ त्या ओळीतच आहे. वरती नुसतं ‘खाणे’ आहे. नकार वाचायचा राहिला तर मशीनवरच्या सूचनेचा अर्थ उलटा होतो.

ही सोलण्याची रीत यांत्रिक असल्यानं तिला एकाहून जास्त उत्तरं सापडतात. ‘इत्ता’ हे रूप हिरागानात आलं तर ते ‘गेला’ असू शकतं, ‘म्हणाला’ असू शकतं, ‘लागलं’ म्हणजे गरज पडली असू शकतं, किंवा ‘भाजलं’ही असू शकतं. चौकट हे सगळे पर्याय एकाखाली एक देते. आधी कुणाचं तरी बोलणं आणि मग ‘तो’ हा प्रत्यय आला असेल तर बहुधा ‘म्हणाला’. आधी गावाचं नाव आणि ‘नि’ किंवा ‘ए’ आला असेल तर ‘गेला’. शब्दावरून मागच्या प्रत्ययाकडे नजर टाकायची सवय लागली की निम्मे घोळ मिटतात.

आता चौकटीतले अर्थ येतात कुठून ते पाहू. ही एक्स्टेन्शनं वेगवेगळ्या लोकांनी केलेली असली तरी बहुतेकांच्या मुळाशी एकच कोश आहे, जेएमडिक्ट. ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठाचे जिम ब्रीन यांनी १९९१ मध्ये एडिक्ट नावाची शब्दांची एक साधी फाइल सुरू केली. तिचाच पुढचा अवतार म्हणजे जेएमडिक्ट. आज त्यात दोन लाखांच्या आसपास नोंदी आहेत, जगभरचे लोक त्यात दुरुस्त्या सुचवतात, आणि श्रेय देऊन कुणीही तो वापरू शकतो असा त्याचा परवाना आहे. नावांचा कोश वेगळा, त्यात सात लाखांहून जास्त नोंदी. नावांना तो लागतोच. ‘पूर्व’, ‘समुद्र’ आणि ‘वन’ या तीन कांजींनी लिहिलेलं आडनाव कुणी ‘तोकाइरिन’ वाचतं, कुणी ‘शोजी’. कंपनीच्या पाहुण्याला मेल लिहिताना कोशावर न जाता त्याच्या व्हिजिटिंग कार्डावरचं वाचन पाहावं.

जेएमडिक्टमध्ये अर्थ मुख्यतः इंग्रजीत आहेत. जर्मन, फ्रेंच, रशियन, डच अशा काही भाषांतही कमी-जास्त आहेत. मराठीत नाहीत. म्हणजे आपण जपानीतून इंग्रजीत आणि तिथून मराठीत असे दोन पायऱ्यांनी येतो, आणि इंग्रजीच्या पायरीवर कधीकधी फार मोठं काही सांडतं.

आमच्या वर्गातल्या, फाउंड्रीत क्वालिटीचं काम पाहणाऱ्या एका मुलानं मोबाइल पुढे करून विचारलं होतं, “मॅडम, साच्यात गरम पाणी ओता असं का लिहिलंय ह्यात? स्फोट हुईल की!” शब्द होता ‘यु’. एक्स्टेन्शननं पहिला अर्थ दिला होता गरम पाणी, त्याखाली गरम पाण्याचं स्नान. दोन्ही बरोबर. चहाचं पाणी, ओनसेनचं म्हणजे गरम झऱ्याचं पाणी, सगळं युच. पण ओतकामाच्या भाषेत यु म्हणजे वितळलेला धातू. आपल्याकडे शिवाजी उद्यमनगरातला जुना कारागीर त्याला काय म्हणतो? रस. लोखंडाचा रस. उसाचाही रस, आंब्याचाही रस, पण भट्टीजवळ उभं राहून कुणी ‘रस आला’ म्हटलं तर कुणाला उसाची आठवण होत नाही. जपानी कारागिरानं पाण्याचा शब्द उचलला, आपल्या कारागिरानं रसाचा. त्या मुलाला ‘यु म्हणजे रस’ एवढं सांगितल्यावर पुढचं सगळं पान त्यानं स्वतः वाचलं. ‘युगुची’ म्हणजे रसाचं तोंड, जिथून रस आत जातो ती जागा. ‘ओशियु’ म्हणजे रायझर, ओतीव थंड होऊन आकसतं तेव्हा मागून रस पुरवणारा.

यात दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. एक म्हणजे चौकट शेवटपर्यंत वाचायची. जेएमडिक्टमध्ये युच्या नोंदीत खाली वितळलेल्या लोखंडाचा अर्थही आहे, मोबाइलच्या छोट्या चौकटीत तो दिसला नव्हता इतकंच. दुसरी गोष्ट लांब तुकड्याच्या नियमाची. ‘युगुची’सारखा जोडशब्द कोशात असेल तर तो अख्खा वर येतो. नसेल तर एक्स्टेन्शन मुकाट्यानं पहिला तुकडा, म्हणजे नुसता यु, दाखवतं. त्यामुळे सापडलेला तुकडा म्हणून एक्स्टेन्शननं पानावर रंगवलेला भाग किती अक्षरांचा आहे तिकडे लक्ष ठेवावं. चार अक्षरी शब्दातली पहिली दोनच रंगली असतील तर अर्थ अर्धाच मिळालेला आहे.

कोणतं एक्स्टेन्शन घ्यावं? या प्रकारातलं गाजलेलं जुनं नाव रिकाइचान, फायरफॉक्सवरचं. नोव्हेंबर २०१७ मध्ये फायरफॉक्सची ५७ वी आवृत्ती आली, जुन्या पद्धतीची सगळी एक्स्टेन्शनं बंद झाली आणि तेही थांबलं. त्याच वळणाचं रिकाइकुन क्रोमवर आहे. रिकाइचॅम्प नावानं नव्यानं लिहिलेलं एक्स्टेन्शन आता टेनटेन या नावानं मिळतं. शोधताना नावात आधी दहाचा आकडा आणि पुढे इंग्रजीत टेन लिहावं लागतं. ते बसवलं की लगेच चालतं, काही जुळवावं लागत नाही, आणि आयफोनच्या सफारीतही चालतं. नवशिक्यांना मी तेच सुचवते. दुसरं योमितान. आधीच्या योमिचानचं काम त्याच्या निर्मात्यानं २०२३ मध्ये थांबवलं, ते इतरांनी मिळून पुढे चालवलं ते हे. योमितान रिकामं येतं, कोश आपण निवडून त्यात भरायचे. शिफ्ट दाबून माउस फिरवला की चौकट उघडते, त्यामुळे ती उगाच डोळ्यापुढे नाचत नाही. अँड्रॉइडवर फायरफॉक्समध्ये ते चालतं. एन-थ्री या एन-फोरच्या वरच्या पातळीच्या पुढे गेलेल्यांनी आणि धंद्यातले कागद वाचणाऱ्यांनी योमितानच घ्यावं. शब्द किती वापरातला आहे, स्वर कुठे चढतो-उतरतो, हे सांगणारे कोशही त्यात घालता येतात.

बसवताना ब्राउझर विचारतो, हे एक्स्टेन्शन सगळ्या वेबसाइटवरचा तुमचा डेटा वाचू आणि बदलू शकेल, चालेल का? पालक ते वाचून घाबरतात, आणि त्यांचं घाबरणं योग्य आहे. माउसखालचं अक्षर वाचायचं तर पान वाचायची परवानगी लागतेच, आणि चौकट दाखवायची तर पानावर काहीतरी घालावं लागतं. कोश तुमच्याच मशीनवर उतरलेला असतो, म्हणून शब्द शोधताना काही बाहेर जायची गरज पडत नाही. एकदा उतरवल्यावर नेट नसलं तरी कोश चालतो, उच्चाराचा आवाज तेवढा नेटवरून येतो. तरीही एक्स्टेन्शन ब्राउझरच्या अधिकृत दुकानातूनच घ्यावं, आणि वाचन नसेल तेव्हा बंद ठेवावं. बँकेचं काम करताना तर नक्कीच.

चित्रातल्या अक्षरांवर हे चालत नाही. स्कॅन केलेलं ड्रॉइंग, मांगाचं म्हणजे जपानी चित्रकथेचं पान, मशीनवरच्या पाटीचा फोटो, यांत ब्राउझरच्या दृष्टीनं अक्षरं नसतातच, नुसते ठिपके असतात. तिथे आधी गूगल लेन्ससारख्या साधनानं अक्षरं काढून घ्यावी लागतात. ब्राउझरमध्ये उघडलेल्या पीडीएफवरही बहुधा चौकट येत नाही. कंपनीकडून येणारे कागद पुष्कळदा पीडीएफच असतात. त्यातला मजकूर निवडून साध्या पानावर चिकटवला की काम होतं.

अख्खं पान एका बटणात इंग्रजीत करून मिळत असताना हा खटाटोप कशाला, असं मला दर वर्षी विचारतात. पानात काय आहे एवढंच हवं असेल तर खुशाल भाषांतर करावं. पण जपानीत कर्ता वारंवार गाळतात, आणि भाषांतराला तो कुठूनतरी आणून बसवावा लागतो. ‘मी केलं’ की ‘त्यांनी केलं’ हे मूळ वाक्यात नसताना भाषांतर ठामपणे काहीतरी एक सांगतं. चौकटीचं एक्स्टेन्शन वाक्याला हात लावत नाही. ते शब्द पुरवतं, आणि वाक्य लावायचं काम तुमच्याकडे ठेवतं. तेवढं काम केल्याशिवाय भाषा येत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

म्हणून वापरायची पद्धत अशी ठेवा. वाक्य आधी माउस न लावता शेवटपर्यंत वाचा. मग जो शब्द अर्थाला अडवतोय त्याच्यावरच माउस न्या. ओळखीच्या शब्दांवर खात्री करून घ्यायला न्यायचा नाही, त्या सवयीनं डोळे कांजीकडे बघायचेच सोडून देतात. मजकूर आपल्या माहितीच्या विषयाचा निवडा. फाउंड्रीवाल्यानं जपानी विकिपीडियावर ओतकामाविषयी वाचावं, विषय आधीच डोक्यात असल्यानं अर्थ निवडणं सोपं जातं. साहित्याची आवड असेल त्याला आओझोरा बुनको आहे, प्रताधिकार संपलेली पुस्तकं १९९७ पासून फुकट वाचायला देणारा संग्रह. त्यातली भाषा जुनी असते, तेव्हा सुरुवात मुलांच्या गोष्टींनी करावी. सापडलेल्या शब्दांपैकी दिवसाला चार-पाचच ठेवा. योमितानमधून एका बटणानं शब्द त्याच्या वाक्यासकट अंकी या उजळणीच्या ॲपमध्ये जातो, आणि अंकी तो विसरायच्या बेतात असताना पुन्हा पुढे आणतं. एक्स्टेन्शनच्या जोरावर शंभर शब्द साठवणं सोपं असतं, पण उजळणीचा ढीग साचला की तेच ॲप उघडावंसं वाटत नाही.

आणि ज्यांना हा इंग्रजीचा वळसा खटकतो त्यांच्यासाठी सर्वांत महत्त्वाचं. योमितानचा कोश म्हणजे झिप केलेल्या दोन साध्या फायली असतात. एकीत कोशाचं नाव आणि आवृत्ती, दुसरीत नोंदी. प्रत्येक नोंदीत आठ जागा: शब्द, वाचन, मग अर्थासह बाकीचे तपशील, आणि त्यातल्या काही रिकाम्या ठेवल्या तरी चालतात. अर्थाच्या जागी मराठी लिहिता येतं. प्रोग्रामिंग यायची गरज नाही, कंस आणि स्वल्पविराम जागच्या जागी असले की पुरे. वर्गात आम्ही ओतकामाच्या शब्दांचा असा एक छोटा कोश करायला घेतला आहे. त्यात युपुढे ‘वितळलेल्या धातूचा रस’ आहे, ओशियुपुढे ‘रायझर’, आणि ‘युझाकाइ’पुढे ‘कोल्ड शट, दोन्हीकडून आलेला रस न मिळाल्यानं राहिलेली फट’. शब्द फाउंड्रीतलीच मुलं आणतात, कारण तिथे खरोखर काय म्हणतात ते त्यांनाच माहीत. नर्सिंगच्या मुलींनी त्यांची वेगळी यादी सुरू केली आहे.

हे करून पाहणार असाल तर दोन खुणा लक्षात ठेवा. योमितानच्या सेटिंगमध्ये आपला कोश सर्वांत वर ठेवायचा, म्हणजे रस आधी दिसतो आणि गरम पाणी नंतर. आणि क्रियापदाच्या नोंदीत चौथी जागा रिकामी सोडायची नाही. तबेरुसारख्या इचिदान गटातल्या क्रियापदाला तिथे इंग्रजी व्ही आणि १, सोसोगुसारख्या गोदान गटातल्याला व्ही आणि ५ लिहायचं. त्यावरूनच योमितानला कळतं की या शब्दाची कोणती शेपटं सोलायची. ते राहिलं तर ओतणे या अर्थाचं ‘सोसोगु’ सापडतं, पण ‘ओतलं’ म्हणजे ‘सोसोइदा’ समोर आलं की चौकटीत आपली नोंद येत नाही.